कोपरापासून नमस्कार

बेंगळुरूच्या जयनगरात पावसाची सर नुकतीच ओसरली होती. या ओळी लिहिणारा गृहस्थ दूध आणायला स्कूटरवर निघाला आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेला. पडताना सगळेच करतात तेच त्यानेही केलं, हात पुढे टेकवला. उजवा कोपर मागच्या बाजूला उचलून आला. जवळच्या दवाखान्यात हाड ओढून जागेवर बसवलं, प्लास्टरची पट्टी लावली आणि कागदावर लिहून दिलं: ‘सीटी स्कॅन करून ऑर्थोपेडिक सर्जनना दाखवा.’

कागद दहा दिवस फ्रीजवर चुंबकाखाली लटकत राहिला.

हाड बसलं म्हणजे काम झालं, असा गृहस्थाचा समज. शेजारच्या काकांनी ‘पुत्तूर कट्टू’ सुचवला. तिरुपतीजवळच्या पुत्तूरच्या हाडवैद्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पट्टीच्या पाट्या बेंगळुरूत ठिकठिकाणी दिसतात. गृहस्थ तिकडे गेला नाही. त्याने घरीच घोटाळा केला. पाचव्या दिवशी पट्टी सोडून कोमट तिळाचं तेल चोळून घेतलं. दहाव्या दिवशी दाराची कडी ओढताना कोपर पुन्हा निखळला.

स्कॅनमध्ये तीन दुखापती निघाल्या. कोपराच्या आतल्या हाडाला पुढे एक ओठ असतो, कोरोनॉइड. तो उंबरठ्यासारखा हाड मागे घसरू देत नाही. बाहेरच्या बाजूला रेडियल हेडचा टेकू असतो आणि या सगळ्याला बांधून ठेवणारी लिगामेंटची दोरी. गृहस्थाचा उंबरठा मोडला होता, टेकूचे तुकडे झाले होते आणि दोरी तुटली होती. अमेरिकी सर्जन रॉबर्ट हॉचकिस यांनी १९९६ साली अशा दुखापतीला ‘टेरिबल ट्रायड’ म्हटलं. असा सांधा नुसता बसवून भागत नाही, पुन्हा सटकतो. शस्त्रक्रिया आतून बाहेर सरकते: आधी कोरोनॉइड जोडायचा, मग रेडियल हेड स्क्रूने सांधायचं किंवा धातूचं बसवायचं, शेवटी लिगामेंट हाडाला शिवायचं. गृहस्थाच्या वाट्याला धातूचं आलं.

खरी परीक्षा त्यानंतरची. कोपर फार लवकर आखडतो. तीन आठवड्यांहून जास्त जखडून ठेवला तर धोका वाढतो. म्हणूनच मजबूत दुरुस्तीनंतर सर्जन काही दिवसांतच हालचाल सुरू करायला लावतात. ती रुग्णाने स्वतःच्या स्नायूंनी, ठरवून दिलेल्या मर्यादेत करायची. कुणी जोर लावून वाकवला किंवा रगडून चोळला तर सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होऊ शकतं.

एकादशीला देवळात तीर्थ घ्यायला गृहस्थाने उजवा हात पुढे केला, तर तळवा आडवाच राहिला. वर होईना. गुरुजी पळी धरून थांबले.

पडल्यावर काय करावं? कोपर ओढू नये. आहे त्याच स्थितीत घडी घातलेलं वर्तमानपत्र आणि ओढणी यांचा आधार द्यावा. अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढावं. बोटं पांढरी किंवा बधिर पडली, किंवा पट्टी बांधल्यावर कळ वाढत गेली आणि बोटं सरळ करताना जीव जाऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये. रक्तपुरवठा तुटला की स्नायू काही तासांत मरतात.

सांधा बसवल्यावर पुन्हा एक्स-रे झाला का, हाड मोडलंय का, सीटी हवं का, कोपर कितपत सरळ केला की सटकतो आणि व्यायाम कधीपासून, हे विचारल्याशिवाय दवाखाना सोडू नये. ‘आता बरं वाटतंय’ या वाक्याला मात्र कोपरापासून नमस्कार.

मेयो क्लिनिकच्या मॉरी यांनी १९८१ साली मोजून दाखवलं, की रोजच्या बहुतेक कामांना कोपर ३० ते १३० अंशांत वाकला आणि तळवा दोन्हीकडे ५० अंश वळला तरी पुरतं. गृहस्थ सात महिन्यांनी १२० पर्यंत पोचलाय. तीर्थ आता हातावर ठरतं. शर्टाचं गळ्याचं बटण अजून बायको लावते.