परवलीचा शब्द बरोबर, तरी दार बंद

डिचोलीच्या एका संगणकवर्गात मी काही दिवस शिकवीत होतो. यंत्रे जुनी, म्हणून त्यांवर लिनक्सची झुबुंटू 18.04 ही हलकी आवृत्ती घातलेली. पेडण्याहून बसने येणाऱ्या एका विद्यार्थ्याला यंत्रणेची एक फाईल दुरुस्त करायची होती. पूर्वी अशा कामाला 'जीकेसूडो' असे. ते चौकटीत परवलीचा शब्द विचारी आणि कार्यक्रम 'रूट'च्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, अधिकाराने उघडून देई. 2018 साली डेबियन व उबुंटू यांनी ते वगळले. मी सहज म्हणालो, "अरे, सूडो लावून माउसपॅड उघड की!"

काम झाले. पण दुसऱ्या दिवशी मुलाचा चेहरा उतरलेला. परवलीचा शब्द दिला की पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा प्रवेशाचीच चौकट समोर येई. प्रकल्पाचा अहवाल आत अडकलेला आणि तो त्याच दुपारी द्यायचा होता. "सर, शब्द मी विसरलो नाही हो," असे तो पुनःपुन्हा सांगत होता.

त्याचे खरेच होते. चूक माझी होती. त्या आवृत्तीत सूडो अधिकार रूटचा देई, पण घर म्हणून विद्यार्थ्याचीच निर्देशिका ठेवी. त्यामुळे तिथल्या काही फाईलींची मालकी रूटकडे गेली. त्यांत 'एक्सऑथॉरिटी' ही लपलेली फाईल होती. पडद्यावर खिडकी उघडण्याचा परवाना तो हाच! स्वतःचाच परवाना हाताळता येईना, मग प्रवेश कसा मिळणार? जीकेसूडो रूटला त्याचे स्वतःचे घर देई, म्हणून त्या काळी हा घोटाळा होत नसे.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 दाबून आम्ही अक्षरी पडद्यावर गेलो. तिथे तोच शब्द चालला. लपलेल्या फाईलींची यादी मालकांसह पाहिली, रूटचे नाव दिसले तिथे 'चाऊन' आज्ञेने मालकी परत मुलाच्या नावे केली. अहवाल वेळेवर गेला.

आज जीकेसूडोच्या जागी बहुधा 'पीकेएक्झेक' सुचवतात. (त्यातही 2009 पासून दडलेला एक गंभीर दोष जानेवारी 2022 मध्ये उघडकीस आला; यंत्रणा अद्ययावत ठेवावी.) टिचकी मारूनही शब्द विचारणारी चौकट येत नसेल, तर ती दाखवणारा पॉलिसीकिटचा प्रतिनिधी-कार्यक्रम चालू आहे का, हे पाहावे. हलक्या यंत्रणांत तो पुष्कळदा नसतो. चौकट आली, शब्द मान्य झाला, पण 'पडदा उघडता येत नाही' असा संदेश आला, तर कारण वेगळे: पीकेएक्झेक पडद्याचा पत्ता व परवाना आपणहून पुढे देत नाही. जीपार्टेडसारख्या कार्यक्रमांसोबत त्यासाठी अनुमतिपत्र येते. सगळ्यांसोबत येत नाही. नव्या वेलँड पद्धतीत तर रूटच्या खिडकीला अनेकदा मज्जावच असतो.

नुसती फाईल सुधारायची असेल, तर मी आता 'सूडोएडिट' सांगतो. संपादक आपल्याच अधिकारात चालतो, बदल प्रतीत होतात आणि शेवटी प्रत मूळ जागी लिहिली जाते. खिडकीला रूट व्हावेच लागत नाही.

एक साधे कारण मात्र मीही उशिरा ओळखले. कळफलक मराठीवर राहिलेला असतो, ठिपक्यांआड देवनागरी अक्षरे उमटतात आणि शब्द नाकारला जातो. कन्नड विभागातल्या मित्रांनीही आधी कळफलकाची भाषा पाहावी.