‘लेस’ आणि ‘लॅसो’

मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी इंग्रजी शब्द अर्थासह पाठ केले. त्यांचे गोत्र मात्र विचारले नाही. ‘लेस’ हाच शब्द पाहा. बुटाची लेस म्हणजे आपली नाडी; परकराच्या घेराला लावतात ती लेस म्हणजे नाजूक जाळी. एका शब्दाला हे दोन अर्थ कसे?

मूळ लॅटिन शब्द ‘लाक्वेउस’, म्हणजे फास. जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. आधी फास, मग कपडे आवळण्याची दोरी, आणि सोळाव्या शतकात सुताला पीळ व वेढे देऊन केलेली जाळी, असा त्याचा अर्थ पालटला. गुरे पकडण्याचा फासाचा दोर तो ‘लॅसो’. तोही त्याच मुळातून, पण स्पॅनिशमार्गे आला. कन्नडमधला ‘लेसु’, म्हणजे चांगले, याचे मात्र यांच्याशी काही नाते नाही. नुसत्या ध्वनिसाम्यावर भुलू नये.

वाणिज्यशाखेच्या मित्रांना मी एवढेच सुचवीन, की बिलात नुसते ‘लेस’ लिहू नये. एक जोडीने विकतात, दुसरी मीटरने. शब्द एक असला तरी माल वेगळा आहे.