कॅप्चर करण्याआधी

चि. ओंकार,

घरातल्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेट तू संगणकावर घेतो आहेस, याचा मला फार आनंद आहे. पण पाठवलेल्या नमुन्यात नवरदेवाच्या उपरण्याला एकही चुणी दिसत नाही, नुसता पांढरा पट्टा. टेपवर त्या चुण्या बहुधा आहेत. कॅप्चर कार्डात कापल्या गेल्यात. पुढच्या कॅसेट लगेच घेऊ नकोस.

आठ बिटच्या व्हिडिओत उजेडाचे आकडे 0 ते 255 असले, तरी काळा 16 वर आणि पांढरा 235 वर धरतात. टेपवरचा पांढरा बऱ्याचदा त्याच्याही वर उसळतो. कार्डाचा कॉन्ट्रास्ट चढा असला की वरचं सगळं एकाच आकड्यावर सपाट होतं. मग एडिटिंगमध्ये उजेड कितीही उतरव, पांढऱ्याचं राखाडी होईल, चुण्या येणार नाहीत. म्हणून दुरुस्ती कार्डाच्या सेटिंगमध्येच करायची.

मॉनिटर पाहून अंदाज बांधू नकोस. व्हर्च्युअलडब या प्रोग्रॅममध्ये कॅप्चरचा हिस्टोग्राम असतो, तो लाव. कडेच्या काळ्या पट्ट्या आणि तळाशी थरथरणारी रेघ मोजणीतून वगळ, नाहीतर आकडे फसवतात. कॅसेटमधला सगळ्यात लख्ख प्रसंग शोध, बहुतेक हॅलोजनखालची वरात. आधी ब्राइटनेसनं काळा 16 च्या किंचित वर आण, मग कॉन्ट्रास्टनं पांढरा 235 च्या आत. एक हलवलं की दुसरं सरकतं, तेव्हा दोन्ही पुन्हा तपास. चित्र फिकं वाटलं तरी घाबरू नकोस, फिकं मागाहून खुलवता येतं.

ह्यूला, म्हणजे रंगछटेच्या सेटिंगला, हात लावू नकोस. आपल्या पॅल पद्धतीत रंगाची फेज ओळीआड उलटते, त्यामुळे छटेतली चूक बरीचशी आपोआप भागते. अमेरिकेहून आलेली कॅसेट मात्र वेगळी धर: तिथल्या एनटीएससीत काळा 7.5 आयआरईवर असतो, आपल्याकडे 0 वर. तिच्यासाठी सेटिंग नव्यानं लाव.

फाइल हफवाययूव्हीसारख्या लॉसलेस कोडेकमध्ये ठेव. नातेवाइकांना वाटायची एमपीफोर तिच्यावरून काढ. ती एचडीत मोठी करशील तेव्हा रंगाचं गणित बीटी 601 वरून 709 वर बदलून घे, नाहीतर शालूचा हिरवा बदललेला दिसेल.

तुझी,
मावशी