पाणी गाळतो, मग हवा का नाही?

माणूस अन्नावाचून काही दिवस काढील. पाण्यावाचून दोन-तीन दिवस कसाबसा तग धरील. पण हवेवाचून? चार-पाच मिनिटांतच जिवावर बेतते.

मोठे माणूस दिवसाकाठी सुमारे १० हजार लिटर हवा आत घेते. एवढे पाणी असते, तर एक टँकर भरला असता. पाणी आपण फडक्याने गाळतो, उकळतो, तुरटी फिरवतो. मग टँकरभर हवा मात्र न पाहता, न गाळता का घ्यावी?

कोणी म्हणेल, "हवा का डोळ्यांना दिसते?" खरे आहे. म्हणूनच हा धडा नीट वाचायचा.

धुरात काय असते?

घराच्या कवडशात धुळीचे कण नाचताना आपण पाहतो. ते मोठे कण. ते नाकातल्या केसांत अडकतात, शिंकेबरोबर बाहेर पडतात. त्यांची भीती कमी.

खरी भीती बारीक कणांची. एका मिलिमीटरचे हजार भाग करा. त्यांतल्या एका भागाला मायक्रॉन म्हणतात. धुरातले पुष्कळसे कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. डोक्याच्या केसाच्या जाडीचा तो पंचविसावा-तिसावा हिस्सा झाला. हे कण नाकात थांबत नाहीत. ते थेट फुप्फुसांच्या तळाशी जातात. त्यांतले अगदी बारीक कण रक्तातही शिरतात. त्यांनी खोकला, दमा वाढतो. हृदयाचे विकार जडतात. लहान मुलांना न्यूमोनिया होतो.

"आमच्या आजीने जन्म चुलीपुढे काढला, तिला काय झाले?" असे पुष्कळ जण विचारतात. पण आजीचा खोकला आपण म्हातारपणाचा खोकला म्हणून सोडून दिला, नाही का? तिने कधी विडी ओढली नाही. तरी जिना चढताना तिला धाप लागे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि इंग्लंडचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात या प्रश्नावर लेख लिहिला. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही श्वासनलिका आखडण्याचा रोग जडतो, आणि जगभर पाहिले तर लाकूड, शेणी, काटक्या यांचा घरातला धूर हे त्याचे फार मोठे कारण असावे, असे त्यांनी त्यात दाखवले. म्हणजे आजीचा खोकला वयाचा नव्हता. तो बहुधा चुलीचा होता.

घरात धूर कोठून येतो?

चूल हे पहिले ठिकाण. दुसरे म्हणजे विडी-सिगारेट. तिसरे, डासांसाठी लावतो ती कॉईल. बंद खोलीत एक कॉईल जळली, तर बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके निघतात, असे २००३ साली छापलेल्या एका अभ्यासात आढळले. मच्छरदाणी बांधली तर डासही नाहीत आणि धूरही नाही.

चौथे ठिकाण म्हणजे बाहेरचा रस्ता. तुमचा मुलगा पुण्यात कामाला असेल, रस्त्यालगतच्या एका खोलीत राहत असेल, तर मोटारींचा धूर, बांधकामाची धूळ, कोणी पेटवलेला कचरा हे सारे खिडकीतून आत येते. पुण्याच्या भोवती टेकड्या आहेत. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होते. ती वर चढत नाही. मग धूर झाकण ठेवलेल्या भांड्यातल्या वाफेसारखा खालीच कोंडतो. म्हणून हिवाळ्यात पहाटेची हवा पुष्कळदा दुपारच्या हवेपेक्षा वाईट असते.

पाचवे, दिवाळीचे फटाके. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने सहा तऱ्हेच्या फटाक्यांचा धूर मोजला होता. सगळ्यांत जास्त बारीक कण कशाचे निघाले? मोठ्या माळेचे नव्हे. मुले ज्याच्यावर ओणवी होऊन पाहतात, त्या नागगोळीचे!

आधी धूर थांबवा, मग गाळा

घरात नळ गळत असेल, तर आधी पाणी पुसायचे की नळ बंद करायचा? आधी नळ. धुराचेही तसेच आहे.

गॅस असेल तर रोजचा सगळा स्वयंपाक त्यावर करावा. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून पुष्कळ गरीब घरांत गॅस आला. पण सिलिंडर महाग पडतो म्हणून कित्येक घरी चूलही पेटतेच. चूल पेटवायचीच असेल, तर ती धुराड्याची असावी. पुण्यात १९९६ साली डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आरती' ही संस्था काढली. कमी लाकूड लागावे आणि बाईच्या डोळ्यांत धूर जाऊ नये, यासाठी या संस्थेने सुधारलेल्या चुली गावोगाव पोहोचवल्या. अशा चुलीचे धुराडे छपराच्या वर काढावे. त्यातली काजळी वरचेवर झाडावी. धुराडे तुंबले, की धूर पुन्हा घरातच फिरतो.

स्वयंपाक चालू असताना खिडकी उघडी ठेवावी. लहान मूल चुलीजवळ घेऊन बसू नये.

हवा गाळायची पेटी

एवढे करूनही बाहेरची हवा वाईट असेल, घरात दमेकरी किंवा तान्हे मूल असेल, तर हवा गाळता येते. बाजारात तयार यंत्रे मिळतात, पण ती महाग असतात. २०२० साली कोरोनाच्या साथीत अमेरिकेतले रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल या दोघांनी घरच्या घरी जमेल अशी एक पेटी सुचवली. ती आता जगभर बनवतात.

सामान असे लागते: चौकोनी चौकटीचा एक पंखा, म्हणजे बॉक्स फॅन. त्याच्याच मापाचे चार फिल्टर. रुंद चिकटपट्टी. जाड पुठ्ठा. एक कात्री.

फिल्टर साधा चालत नाही. फडक्याच्या विणीतून बारीक कण सहज पार होतात, ओले केले तरीही. या फिल्टरमध्ये तंतूंचे दाट जाळे असते. हवा त्यातून वळणे घेत जाते आणि कण तंतूंना चिकटतात. वातानुकूलनाचे सामान विकणाऱ्याकडे 'मर्व्ह १३' प्रतीचा फिल्टर मागावा. एका फेरीत सगळेच कण अडकत नाहीत. पण पंखा तीच हवा पुन्हा पुन्हा ओढतो, म्हणून खोली हळूहळू साफ होते.

आता कृती पाहू.

१. फिल्टरच्या कडेवर बाण छापलेला असतो. हवा कोणत्या बाजूला जावी, ते तो सांगतो. चारही बाण आतल्या बाजूला येतील, असे फिल्टर भिंतींसारखे उभे करा.

२. चारही कोपरे चिकटपट्टीने वरपासून खालपर्यंत बंद करा.

३. खाली पुठ्ठ्याचा तळ लावा. त्याच्याही कडा बंद करा.

४. वर पंखा आडवा ठेवा. त्याची हवा वर, म्हणजे पेटीबाहेर जायला हवी. पंख्याच्या कडा चिकटवा. पंख्याची जाळी काढू नका.

५. एका पुठ्ठ्याला पात्यांच्या घेराएवढे गोल भोक पाडा आणि तो पंख्यावर बसवा. त्यामुळे कोपऱ्यांतून हवा उलटी आत शिरत नाही.

६. पंखा सुरू करा. पातळ कागदाची पट्टी फिल्टरजवळ धरा. ती फिल्टरला चिकटली, म्हणजे पेटी हवा ओढते आहे. मग तीच पट्टी सांध्यांजवळ फिरवा. सांध्याशी ती आत ओढली गेली, तर तेथे फट आहे. ती बुजवा. फटीतून गेलेली हवा गाळली जात नाही.

पेटी भिंतीपासून वीतभर तरी दूर ठेवावी. दारे-खिडक्या उघड्या असताना तिचा उपयोग फार थोडा. म्हणून स्वयंपाक आटोपला, घर मोकळे झाले, की मग खिडक्या लावून ती झोपायच्या जागेजवळ चालवावी. दुपारी थोडा वेळ घर उघडे टाकावे. साठ वॉटचा पंखा आठ तास चालला, तर सुमारे अर्धा युनिट वीज लागते. वायर सोललेली नसावी. मुलांना पेटीवर बसू देऊ नये.

फिल्टर काळा पडला आणि हवेचा जोर कमी झाला, की तो बदलावा. धुऊ नये, झटकू तर मुळीच नये. नाकाला फडके बांधून तो अंगणात काढावा आणि पिशवीत बांधून टाकावा.

एक गोष्ट जिवाची

ही पेटी कण अडवते, वायू अडवत नाही. हे विसरू नका.

थंडीत शेगडीत निखारे घालून, दार लावून पुष्कळ जण झोपतात. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेले माणूस जागेही होत नाही, आणि घरातली सगळी माणसे एका रात्रीत दगावू शकतात. पेटी चालू असली, तरी हा वायू तसाच राहतो. म्हणून झोपायच्या खोलीत शेगडी पेटती ठेवू नका. एक घोंगडी जास्त घ्या. गॅसचा वास आला तरी पेटी लावू नका. विजेचे कोणतेच बटण दाबू नका. दार-खिडक्या उघडा, सिलिंडर बंद करा आणि बाहेर या.

आकडे वाचू या

आता आपल्याला आकडे वाचता येतात. त्याचा येथे उपयोग करू. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१३ साली पुण्यासाठी 'सफर' ही हवा मोजण्याची योजना सुरू केली. हवेचा आकडा मोबाइलवरही पाहता येतो. तो ५० पर्यंत असेल तर हवा चांगली. १०० पर्यंत बरी. २०० पर्यंत मध्यम, दमेकऱ्याने जपावे. २०० च्या वर वाईट, ३०० च्या वर फार वाईट. अशा दिवशी म्हाताऱ्या माणसांनी पहाटे फिरायला जाऊ नये.

प्रश्न

१. घरात बारीक धूर कोणकोणत्या पाच ठिकाणांहून येतो?
२. पेटीतल्या फिल्टरचा बाण कोणत्या बाजूला असावा? का?
३. पेटी चालू असतानाही शेगडी पेटती ठेवून झोपू नये, ते का?

करून पाहा

आज घरी गेल्यावर चुलीच्या वरच्या आढ्यावरून बोट फिरवा. बोटाला काजळी लागेल. ती घरातल्या बाईला, मुलांना दाखवा. जी आढ्यावर बसली ती दिसली. जी छातीत गेली ती दिसत नाही.