सोलरची डीलरशिप घ्यायची? आधी बांगलादेशचे हे 3 धडे वाचा



"सर, सोलरमध्ये उतरू का?" प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतोच. उत्तर द्यायच्या आधी मी बांगलादेशची गोष्ट सांगतो. वही-पेन घेऊन बसा.

2003 साली तिथल्या खेड्यांत बहुतेक घरांत रॉकेलचा दिवा होता. सोलर सिस्टिम रोखीने घेणं कुणाला झेपत नव्हतं. तेव्हा 'इडकॉल' या सरकारी वित्तसंस्थेने जागतिक बँकेच्या मदतीने योजना सुरू केली. विक्री, फिटिंग आणि वसुली 'ग्रामीण शक्ती'सारख्या स्थानिक संस्थांकडे. त्यांना भांडवल इडकॉलचं. पुढे 40 लाखांहून जास्त सिस्टिम बसल्या! दिव्यासोबत मोबाईल चार्जिंग आलं, दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी राहू लागली, गावातल्या मुली टेक्निशियन झाल्या.

धडा 1: ग्राहकाचा आजचा खर्च बघा. थोडं डाउन पेमेंट आणि बाकीचे हप्ते साधारण तीन वर्षांत. रॉकेलवर जाणारा पैसाच हप्त्याकडे वळवला. ग्राहकाला किंमत सांगू नका, महिन्याचा हिशोब सांगा.

धडा 2: विक्रीनंतरच खरा धंदा. हप्ता घ्यायला येणारा माणूसच बॅटरी तपासायचा. दिवा लागतोय तोवर हप्ता येतो. मी दुकानात सुरुवातीला इन्व्हर्टर उधारीवर दिले आणि सर्व्हिसला माणूसच ठेवला नाही. बॅटरी बसली तशी वसुलीही बसली. चूक माझीच होती.

धडा 3: उद्या परिस्थिती बदलली तर? हा धडा सगळ्यात महाग. सरकारी वीज अंदाजापेक्षा लवकर गावात पोहोचली, वर काही ठिकाणी सोलर फुकट वाटलं गेलं. लोक म्हणाले, "आता हप्ता कशाला भरू?" विक्री घसरली, वसुली अडकली, स्थानिक संस्था गोत्यात आल्या. माल चांगला होता, ग्राहक समाधानी होता, तरीही!

आता आपल्याकडे या. इथे ग्राहकाकडे वीज आहे, त्याला बिल कमी करायचंय. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सिस्टिमला 78,000 रुपये अनुदान मिळतं. छान आहे. पण तुमचा अख्खा धंदा त्या एका आकड्यावर उभा असेल, तर नियम बदलला की तुम्हीही आडवे.

गृहपाठ: डिपॉझिट भरण्याआधी तीन उत्तरं लिहा.
1. माझ्या 10 ओळखीच्या ग्राहकांचं महिन्याचं बिल किती?
2. तक्रार आली तर दोन दिवसांत कोण जाणार, त्याचा पगार कुठून?
3. अनुदान उद्या बंद झालं, तर मी काय विकणार? (साफसफाई, देखभाल, जुन्या सिस्टिमची दुरुस्ती?)

तिसरं उत्तर कोरं राहिलं, तर अजून पैसे गुंतवू नका. थोडं थांबलात म्हणून धंदा पळून जात नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत!