साइन लिहिताना

चि. मुक्तास,


तुझ्या मोटरसाठीचा साइनचा कोड वाचला. उत्तर चुकलं की टेलर श्रेणीत आणखी दोन पदं घालतेस, तो नाद आधी सोड. कोन कितीही मोठा असला तरी श्रेणी अखेर साइनपाशीच पोचते, हे कागदावर खरं. पण ३० रेडियन देऊन बघ. मधलं एक पद ७७ हजार कोटींच्या वर जातं, आणि अशा अधिक-उणे पदांच्या काटाकाटीतून उरायचं असतं एकपेक्षाही लहान उत्तर. डबलमध्ये मावतात सोळाएक अंक. त्यातले बारा त्या अवाढव्य पदांनीच अडवले, तर दशांश चिन्हापुढे भरवशाचे राहतात चारेक. पदं शंभर केलीस तरी गेलेले अंक परत येत नाहीत.

म्हणून कोन आधी उणे पाव पाय ते अधिक पाव पाय एवढ्या पट्ट्यात आणायचा. तिथे काम सोपं आहे. सन कंपनीच्या एफडीलिबएम या गणिती लायब्ररीत साइनला तेराव्या घातापर्यंतची बहुपदी पुरते. तिचे सहगुणक टेलरचे नसतात. पूर्ण पट्ट्यातली मोठ्यात मोठी चूक शक्य तितकी लहान व्हावी, असे ते बेतलेले असतात. ते तयार मिळतात, त्यात रात्री घालवू नकोस.

खरी मेख कोन आत आणण्यातच आहे. अर्ध्या पायच्या पटी वजा करायच्या, पण पाय तर डबलमध्ये पुरता मावतच नाही. कोन अशा एखाद्या पटीजवळ असला की वजाबाकीत वरचे अंक उडतात आणि हाती राहते ती पाय कापल्याची चूक. इंटेलच्या प्रोसेसरांतल्या एफसिन या साइन काढणाऱ्या सूचनेत ६६ बिटांचा पाय वापरलेला होता. पायच्या अगदी जवळच्या डबलला तिचे चार-पाचच अंक बरोबर यायचे, आणि माहितीपुस्तिका मात्र शेवटच्या अंकापर्यंत अचूकतेची ग्वाही देत राहिली. २०१४ मध्ये ब्रूस डॉसन यांनी हे चव्हाट्यावर आणलं, तेव्हा कुठे मजकूर बदलला.

तू कोडी आणि वेट यांची रीत घे. अर्ध्या पायचे तीन तुकडे कर. पहिल्या दोन तुकड्यांचे शेवटचे बरेच बिट शून्य ठेव, म्हणजे पटीने गुणल्यावरही गुणाकार बिनचूक राहील. मग तुकडे एकेक करून, क्रमाने वजा कर. आणि कंपायलरचा फास्ट-मॅथ पर्याय बंद ठेव. तो हीच वजाबाकी ‘सोपी’ करून टाकतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. अब्जावधी रेडियनच्या कोनांसाठी पेन आणि हॅनेक यांची १९८३ ची रीत आहे. तुझ्या मोटरला ती नको. मर्यादेबाहेरचा कोन आला तर सरळ चूक परत कर.

खरं तर तुझा सेन्सर अंशातच कोन देतो, मग रेडियनची घाई कशाला? ३६० डबलमध्ये तंतोतंत बसतात. एफमॉडने आधी अंशातच कोन कमी कर, जवळच्या ९० च्या पटीपासूनचा फरक काढ आणि तेवढाच रेडियनमध्ये बदल. १८० अंशांना शून्य मिळेल. पण डबलमधला पाय थेट दिलास आणि १.२२ × १०^(-१६) असं काही आलं, तर ते पुसून शून्य करू नकोस. दिलेला आकडा खऱ्या पायपेक्षा तेवढाच कमी आहे. उत्तर बरोबर आहे.

चाचणी एमपीएफआर या हव्या तितक्या अचूकतेच्या लायब्ररीशी ताडून घे, दोनशे बिट ठेवून. ९० अंशांच्या पटींच्या अगदी दोन्ही बाजूंचे कोन त्यात हवेतच. मला सरासरी चूक कळवू नकोस, सर्वांत वाईट कळव, आणि ती कोणत्या कोनाला आली तेही.

तुझी,
मावशी