थंड मुलखांतील बटाटा आपल्या रानांत : त्याचें बेणें दर वर्षीं उत्तरेकडून कां आणावें लागतें?

मे महिना सरत आला म्हणजे मंचरच्या बाजारांत पंजाबांतील जालंदरकडून बटाट्याच्या गोण्यांनीं भरलेल्या मालमोटारी येऊं लागतात. आंबेगांव तालुक्यांतील सातगांव पठार, खेड व जुन्नर या भागांतील शेतकरी तेथून बेणें नेतो, मृगाचा पाऊस बऱ्यापैकीं झाला कीं लागवड उरकतो, आणि भाद्रपद-आश्विनांत पीक काढून मंचर, चाकण किंवा पुण्याच्या आडतीवर पाठवितो. पुढील वर्षीं पुन्हां त्याच गोण्या व पुन्हां तोच खर्च. एकरीं सहा ते आठ क्विंटल बेणें लागतें, आणि पिकाच्या एकंदर खर्चांत एवढी मोठी रकम दुसऱ्या कोणत्याहि बाबीवर क्वचितच पडते. तेव्हां आपणच पिकविलेल्या मालांतून चार गोण्या राखून बेणें कां करूं नये, हा विचार प्रत्येकाच्या मनांत येतो. "कांद्याचें बीं आम्ही घरीं धरतों, मग बटाट्यानें काय घोडें मारलें?" असें एका वृद्ध बागाइतदारानें प्रस्तुत लेखकास विचारलें होतें. प्रश्न अगदीं रास्त आहे, व त्याचें उत्तर बटाट्याच्या जन्मभूमींत सांपडतें.

बटाटा हा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताचा रहिवासी. टिटिकाका सरोवराच्या आसमंतांत, समुद्रसपाटीपासून तीन ते चार हजार मीटर उंचीवर, तेथील लोकांनीं हजारों वर्षांपूर्वीं रानटी कंद निवडून निवडून त्यास शेतांत आणलें. विषुववृत्ताच्या जवळ असूनहि उंचीमुळें तेथील हवा बारमाही थंड असते, आणि रात्रीं तर पाणी गोठतें. ते लोक बटाटे रात्रीं उघड्यावर गोठवितात, दिवसा पायांनीं तुडवून त्यांतील पाणी काढतात व उन्हांत वाळवून 'चुन्यो' नांवाचा टिकाऊ पदार्थ करतात. आपण बटाट्याचा कीस वाळवितों, त्याचाच हा थंडीच्या जोरावर केलेला प्रकार म्हणावयाचा. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं हें पीक युरोपांत नेलें. आपल्या पश्चिम किनाऱ्यास तें पोर्तुगीजांच्या हातून लागलें, आणि 'बटाटा' हें नांव आपण त्यांच्याच भाषेंतून घेतलें.

वनस्पति देश बदलते, परंतु स्वभाव सहसा बदलत नाहीं. बटाट्याचा पाला आपल्या उन्हांतहि जोमानें वाढतो; अडचण येते ती कंद धरण्याची. पानांनीं दिवसा तयार केलेलें पिष्ट रात्रीं खालीं उतरून कंदांत सांठावें लागतें, आणि त्यास रात्रीचें उष्णतामान पंधरा ते वीस अंश सेल्सिअस असावें लागतें. रात्र याहून उष्ण झाली कीं झाड आपली कमाई श्वसनांतच खर्चून टाकतें. मातीचें उष्णतामान तीस अंशांच्या आसपास गेलें म्हणजे कंद पोसणें जवळजवळ थांबतें. वर हिरवागार पाला आणि खालीं सुपारीएवढे बटाटे, हें दृश्य ज्यांनीं उन्हाळी लागवडीचा प्रयोग केला त्यांस नवीन नाहीं.

या दृष्टीनें आपला मुलूख दैववान आहे. हिंदुस्थानांतील बहुतेक बटाटा गंगेच्या मैदानांत हिंवाळ्यांत पिकतो. पावसाळ्यांत मैदानी प्रदेशांत तो घेणें कोणाच्या स्वप्नांतहि येत नाहीं. परंतु सह्याद्रीच्या पायथ्यालगतच्या आपल्या पठारांवर आषाढ-श्रावणांत आभाळ सतत भरलेलें असतें, ऊन तापत नाहीं, माती थंड राहते, आणि पावसाचा जोरहि घाटमाथ्याएवढा नसतो. म्हणून येथें खरिपाचा बटाटा होतो. कर्नाटकांतील हासनच्या बाजूसहि असेंच खरिपाचें पीक घेतात. म्हणजे बटाटा *पिकविण्यापुरती* थंडी आपणांस मिळते. बेणें *राखण्यापुरती* मिळत नाहीं. सर्व गोम येथेंच आहे.

पहिली अडचण पंचांगाची. काढलेला बटाटा लगेच उगवत नाहीं. दोन-अडीच महिने तो निद्रिस्त असतो. खरिपाचा माल भाद्रपद-आश्विनांत निघतो आणि रबीची लागवड आश्विन-कार्तिकांत करावयाची असते. तेवढ्यांत त्याची झोंप पुरी होत नाहीं, व तसाच लावला तर उगवण विरळ व मागेंपुढें होते. रबीचा माल माघ-फाल्गुनांत निघतो. तो ज्येष्ठापर्यंत, म्हणजे नेमका चैत्र-वैशाखाच्या वणव्यांतून, सांभाळावा लागतो. आपल्याकडे झाडाच्या सावलींत आरण लावून बटाटा ठेवण्याची जुनी रीत आहे. ती कांहीं आठवडे खाण्याचा माल टिकविण्यास ठीक आहे. परंतु चार महिने ठेवलेल्या आरणींत सडके, सुरकुतलेले व किडके वगळून बेण्यायोग्य किती उरतात, हें ज्याचें त्यानें मोजून पाहावें.

यावर कोणी म्हणेल कीं, आतां शीतगृहें झालीं आहेत, त्यांत दोन ते चार अंशांवर बेणें ठेवावें म्हणजे झालें. पंचांगाची अडचण त्यानें खरोखरच सुटते. पंजाबांतून येणारें बेणेंहि पौष-माघापासून ज्येष्ठापर्यंत असेंच शीतगृहांत असतें. परंतु दुसरी अडचण शीतगृहानें सुटत नाहीं. आणि मोठी तीच आहे.

बटाटा आपण बियांपासून लावीत नाहीं, कंदाच्या डोळ्यापासून लावतों. म्हणजे नवें झाड हें जुन्या झाडाचाच तुकडा असतें, आणि जुन्या झाडाच्या अंगांत जो रोग असेल तो जशाचा तसा पुढच्या पिढींत उतरतो. विषाणूंचे रोग यांत सर्वांत घातक. एका रोगांत पानें वरच्या बाजूस पन्हाळीसारखीं वळतात व हातांत चुरल्यास कडकड वाजतात; दुसऱ्यांत पानांवर हिरवे-पिवळे डाग पडून तीं चुरमुडतात. हे विषाणु एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेण्याचें काम मावा करतो. हंगामाच्या शेवटीं लागण झाली तर त्या वर्षीं पीक उत्तम दिसतें, गोणीहि भरघोंस भरते. परंतु त्यांतील कंद आंतून बाधित झालेले असतात, आणि त्याचें फळ पुढल्या वर्षीं भोगावें लागतें. आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्यानें काटकसर म्हणून घरचें बेणें लागोपाठ तीन हंगाम लावलें. पहिल्या खेपेस पीक बरें आलें, म्हणून त्यास हुरूप आला. दुसऱ्या खेपेस अर्ध्या वाफ्यांत झाडें खुजीं राहिलीं. तिसऱ्या खेपेस मुलांच्या खेळांतल्या गोट्यांएवढे बटाटे निघाले. शेजाऱ्यांनीं जमिनीस बोल लावला. जमिनीचा त्यांत कांहीं दोष नव्हता.

कांद्याचें तसें नाहीं. मोठे निवडक कांदे लावून त्यांस डेंगळे आले, फुलें आलीं कीं त्यांतून खरें बीं मिळतें, व बहुतेक विषाणु बियांतून पुढें जात नाहींत. शिवाय आपल्या कांद्याच्या जातींस डेंगळे येण्यापुरती थंडी आपल्या हिंवाळ्यांत मिळते. थंड देशांतील कांद्याच्या जाती मात्र आपल्याकडे आणल्या तर त्यांस उन्हाळ्यांतील फार लांब दिवस लागतो व तो न मिळाल्यामुळें त्या पातच वाढवीत बसतात. चाकणच्या बाजारांत कांदा व बटाटा शेजारीं शेजारीं विकले जातात, परंतु एकाचें बीं घरचें आणि दुसऱ्याचें परगांवचें, याचें कारण हें असें आहे. कोबी व उशीरा येणाऱ्या फ्लॉवरच्या जातीहि थंड मुलखाच्याच. त्यांचा गड्डा येथें उत्तम होतो, पण फुलावर येऊन बीं धरण्यास त्यांना कडक हिंवाळा लागतो, म्हणून त्यांचें बीं हिमाचलांतील कुलू खोऱ्यासारख्या ठिकाणीं तयार करतात.

बटाट्याचें निरोगी बेणें जेथें मावा नाहीं तेथेंच होणार. उंच पर्वतावर थंडीमुळें व वाऱ्यामुळें मावा फारसा टिकत नाहीं, म्हणून पूर्वीं सिमल्याकडील डोंगरांतून बेणें खालीं येत असे. आपल्या मुंबई इलाख्यांत त्या काळीं इटलीहूनहि बेणें येई. त्याच इटालियन बेण्याबरोबर १९०६ सालीं बटाट्यावरील पतंग या देशांत प्रथम उतरला, आणि आज आपल्या आरणी पोखरणारी अळी ती त्याचीच. बेणें आणतांना त्याबरोबर काय येतें हें न पाहिल्याची किंमत आपण शंभरावर वर्षें देत आहों.

बटाट्याच्या संशोधनाची मध्यवर्ती संस्था १९४९ सालीं पाटण्यास निघाली व १९५६ सालीं ती सिमल्यास गेली. सिमल्याजवळील कुफरी येथें उन्हाळ्यांत दिवस लांब व हवा थंड असल्यामुळें बटाट्यास भरपूर फुलें व फळें येतात, व संकर करणें साधतें. मैदानांत आंखूड दिवसांत कित्येक जातींस फूलच येत नाहीं. म्हणून तेथें निघालेल्या जातींच्या नांवांआधीं 'कुफरी' लागतें : कुफरी ज्योति व कुफरी चंद्रमुखी (१९६८), कुफरी लवकर (१९७२), कुफरी पुखराज (१९९८), उष्णता सहन करणारी कुफरी सूर्या (२००६). यांपैकीं 'कुफरी लवकर' हें नांव आपल्या कानास घरचें वाटतें, आणि ती जात लवकर तयार होणारीहि आहे.

परंतु डोंगरांतील जमीन ती किती! सबंध देशास पुरेल एवढें बेणें तेथें होणें शक्य नव्हतें. ही कोंडी डॉ. पुष्करनाथ यांनीं फोडली. पंजाब व उत्तर प्रदेशाच्या मैदानांत आश्विनापासून पौषापर्यंत मावा अगदीं कमी असतो असें दिसून आल्यावर त्यांनीं बेण्याची लागवड ऑक्टोबरच्या पूर्वार्धांत करावयाची, डिसेंबरअखेर पाणी तोडावयाचें, आणि मावा वाढण्यापूर्वीं, म्हणजे शंभर पानांमागें वीस मावे दिसूं लागण्याच्या आंत, जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यांत पाला कापून टाकावयाचा, अशी पद्धत बसविली. पाला गेला कीं विषाणूंस कंदापर्यंत उतरण्याची वाट राहत नाहीं. नंतर पंधरा-वीस दिवस कंद जमिनींतच ठेवून साल पक्की झाल्यावर काढतात. जालंदरची गोणी आपल्यापर्यंत येते ती या युक्तीच्या बळावर. आपला हिंवाळा सौम्य, मावा बारमाही. ही संधि आपणांस निसर्गानेंच दिलेली नाहीं.

कायमचें परावलंबन मात्र अपरिहार्य आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ऊतिसंवर्धनानें रोगमुक्त केलेलीं रोपें जाळीच्या घरांत वाढवून त्यांपासून लहान कंद तयार करणें आतां शक्य झालें आहे. हासनकडे तर रोपांच्या शेंड्यांचीं छाटकलमें मुळावून तीं शेतकऱ्यांस देण्याचें काम सुरू झालें आहे. मंचर-खेड भागांतील एखाद्या सहकारी संस्थेनें हें मनावर घेतलें तर बेण्याच्या खर्चांतील मोठा वांटा येथेंच राहील. चाकण-महाळुंग्याकडील पुष्कळ जमीन कारखान्यांकडे गेली. जी उरली तिच्यांतील पीक बेण्याच्या दोषानें बुडूं देणें परवडणारें नाहीं.

तोंपर्यंत घेतलेलें बेणें नीट पारखावें. बाजारांत खाण्याचा माल बेणें म्हणून खपविणारे असतात. त्यांची गोणी स्वस्त असते, हीच तिची खूण. चिप्सच्या कारखान्यासाठीं करारानें पीक घेणाऱ्यांनीं ठरलेल्या जातीचेंच बेणें आहे याची खात्री करावी. कारण चिप्सला घट्ट पिष्टाचा, कमी साखरेचा बटाटा लागतो. याच कारणासाठीं दोन-चार अंशांवर ठेवलेला माल चिप्सला चालत नाहीं : फार थंडींत पिष्टाची साखर होते व तळतांना काप काळे पडतात. बेण्यास त्या साखरेनें कांहीं अपाय नाहीं.

शीतगृहांतून आलेलें बेणें एकदम जमिनींत घालूं नये. दहा-पंधरा दिवस सावलींत, हवेशीर जागीं पातळ पसरावें, म्हणजे डोळे फुटून आंखूड व जाड कोंब येतात. खरिपांत कंद अखंडच लावावे. कापलेली फोड ओल्या मातींत सडते. रबींत कापण्यास हरकत नाहीं, परंतु प्रत्येक फोड पंचवीस-तीस ग्रॅमची व निदान दोन डोळ्यांची असावी. लावण्यापूर्वीं प्रत्येक गोणींतील पांच-सहा कंद मधोमध कापून दाबून पाहावे. सालीच्या आंत तपकिरी कडें दिसून त्यांतून पांढुरका चिकट द्रव आला तर ती बांगडी समजावी, व ती गोणी शेतांत नेऊं नये; हा रोग जमिनींत शिरला कीं वर्षानुवर्षें निघत नाहीं, आणि वांगीं, टोमॅटो, मिरची यांसहि लागतो. कोयता अशा कंदास लागला असेल तर तो जाळावर धरून किंवा जंतुनाशकांत बुडवून मगच पुढें वापरावा.

पतंगापासून बचाव लागवडीपासूनच सुरू होतो. उघडा पडलेला कंद ही त्याची अंडीं घालण्याची जागा. म्हणून मातीची भर भरपूर द्यावी, भेगा बुजवाव्या, आणि काढलेला माल रात्रीं शेतांत उघडा ठेवूं नये, कारण पतंग संध्याकाळनंतर हिंडतो. ढिगावर बटाट्याचाच पाला झांकण्याची आपली खोड आहे, ती सोडावी. त्या पाल्यांत अळ्या असतात व पाला सुकतांच त्या खालच्या कंदांत उतरतात. त्याऐवजीं बांधावरच्या घाणेरीचा पाला सुकवून आरणीच्या तळाशीं व वर दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. घाणेरीहि अमेरिकेहूनच आलेली आहे. ती बांधावर फुकट मिळते.